ज्येष्ठांच्या तोंड-घशाच्या कॅन्सरचे उपचार: आखणीपासून नळीच्या निगेपर्यंत

जीभ, गाल, हिरड्या, घसा, स्वरयंत्र, लाळग्रंथी या भागातल्या कॅन्सरला दवाखान्यात 'हेड अँड नेक' म्हणतात. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला तो झाला की दोन टोकांच्या चुका होतात. एक म्हणजे 'या वयात कशाला चिरफाड' म्हणून बरा होण्यासारखा आजारही सोडून दिला जातो. दुसरी म्हणजे पन्नाशीतल्या धडधाकट माणसाला द्यावेत तसेच उपचार डोळे झाकून सुरू होतात आणि चौथ्या आठवड्यात अर्ध्यावर सुटतात. ही दुसरी चूक जास्त जिव्हारी लागते. तोंड सोलवटून निघतं, वजन उतरतं, आणि एवढं सोसूनही गाठ मरण्याइतका डोस पोचलेलाच नसतो. म्हणून झेपेल असा आराखडा निवडायचा आणि निवडल्यावर तो एक दिवसही न चुकवता पुरा करायचा. खाली जे काही लिहिलं आहे ते याच दोन गोष्टींसाठी आहे. औषधांचे डोस दिले आहेत ते डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून. ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

रिपोर्ट यायच्या आधीचा आठवडा

बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस नुसत्या काळजीत जातात. खरं तर पुढचा निर्णय ज्यावर उभा राहणार ती मोजमापं याच दिवसांत उरकता येतात.

सुरुवात चालण्यापासून करा. जमिनीवर ४ मीटरवर दोन खुणा करा आणि नेहमीच्या चालीने चालायला सांगा. ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायातली ताकद कमी झाली आहे असं समजा. हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठता येतं का, तेही बघा. गेल्या सहा महिन्यांत पडणं झालं का, हे घरच्यांना वेगळं विचारावं लागतं, कारण म्हातारी माणसं पडल्याचं लपवतात.

स्मरणशक्तीसाठी तीन साधे शब्द सांगा, मग कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगा, आणि शेवटी ते तीन शब्द परत विचारा. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला १ गुण, बरोबर घड्याळाला २. पाचपैकी ३ पेक्षा कमी गुण आले तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रुग्णाला ऑपरेशननंतर भ्रम होण्याचा धोका जास्त असतो, आणि गोळ्यांचं वेळापत्रक त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

रुग्णालयात 'जी-८' नावाची चाळणी लावतात. खाणं, वजनातली घट, हिंडणं-फिरणं, मनाची स्थिती, उंचीच्या मानाने वजन, रोजच्या औषधांची संख्या, स्वतःच्या तब्येतीबद्दलचं मत आणि वय असे तिचे आठ प्रश्न. एकूण गुण १७. १४ किंवा कमी आले तर वार्धक्यतज्ज्ञांकडून सविस्तर तपासणी करून घ्यायची. गुण कमी आले म्हणजे उपचार नाकारायचे, असा अर्थ काढू नका. आधी काय सावरायला हवं ते ही चाळणी दाखवते. कधी रक्त कमी असतं, कधी नैराश्य, तर कधी नुसता चष्म्याचा नंबर बदललेला असतो.

वजन काट्यावर घ्या. सहा महिन्यांपूर्वीचं वजन माहीत नसेल तर कमरेचा पट्टा बघा. पूर्वी कोणत्या भोकात बसायचा आणि आता कोणत्या, ते झिजलेल्या चामड्यावर स्पष्ट दिसतं. सहा महिन्यांत १० टक्के किंवा एका महिन्यात ५ टक्के वजन उतरलं असेल तर उपचार सुरू व्हायच्या आधीच आहारतज्ज्ञांना गाठा.

घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या: डोळ्यांचे थेंब, झोपेच्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं. चिठ्ठीवर लिहून नेलं की नेमकी धोक्याची गोळी लिहायची राहते.

दारू रोज घेत असतील तर ते संकोच न करता सांगा. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दारू तुटल्याची थरथर आणि भ्रम सुरू होतो. आधी माहीत असेल तर डॉक्टरांना तो टाळता येतो. तंबाखू आणि धूम्रपान त्याच दिवशी बंद. चालू ठेवलं तर रेडिएशनचा परिणाम घटतो आणि जखमाही भरत नाहीत.

किडनीचा आकडा

रिपोर्टात क्रिएटिनिन १.१ दिसतं, शेजारी 'नॉर्मल' छापलेलं असतं, आणि सगळे निश्चिंत होतात. वय झालेल्या माणसात हा आकडा फसवतो. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून येणारा आणि किडनीने गाळायचा टाकाऊ पदार्थ, आणि स्नायूच झडलेले असले की किडनी मंद असूनही आकडा कमीच दिसतो. म्हणून किडनी मिनिटाला किती गाळते याचा हिशेब करून बघायचा: १४० मधून वय वजा करा, उत्तराला किलोतल्या वजनाने गुणा, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन या संख्येने भागा. रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणा.

७६ वर्षांचे, ५० किलोंचे गृहस्थ घ्या. १४० वजा ७६ म्हणजे ६४. गुणिले ५० म्हणजे ३,२००. खाली ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२. उत्तर आलं साधारण ४० मिलिलिटर प्रति मिनिट. त्याच वयाच्या आणि वजनाच्या बाईंचं येईल ३४. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधासाठी बहुतेक ठिकाणी किमान ५० लागतात. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्ट असलेल्या या दोघांनाही ते औषध देण्यासारखं नाही. हा हिशेब केमोच्या पहिल्या भेटीत झाला आहे का, हे विचारायला अजिबात भिऊ नका.

रुग्णाशी बोलणं

आता रिपोर्ट आणि स्कॅन हातात आहेत. या टप्प्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: आजार मुळापासून जाण्यासारखा आहे का, त्यासाठी काय सोसावं लागेल, आणि उपचार संपल्यावर तोंडाने खाणं, बोलणं, एकट्याने हिंडणं यातलं काय उरेल. उत्तरं ऐकायला रुग्ण स्वतः खोलीत असायला हवा. मुलं सगळं ठरवतात आणि ज्याची जीभ जाणार तोच बाहेर बाकावर बसलेला असतो, हे होऊ देऊ नका. कुणाला आवाज गमावण्यापेक्षा थोडं कमी जगणं पसंत असतं, तर कुणाला काहीही करून जगायचं असतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण ती रुग्णाची हवीत. कान कमी असतील तर यंत्र लावून, समोर बसून, एकेक मुद्दा बोला.

ऑपरेशन

तोंडाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशन हाच पहिला उपचार, आणि नुसतं वय हे ते नाकारायचं कारण होत नाही. हृदय आणि फुप्फुसं साथ देत असतील तर ऐंशीतला माणूसही यातून नीट बाहेर येतो. फरक पडतो तो भूल किती तास चालेल याने. हाता-पायाचा मांसाचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट जोडायचं ऑपरेशन आठ-दहा तास चालू शकतं. छातीवरचा स्नायू वर फिरवून जखम झाकणं दिसायला ओबडधोबड, पण त्याला वेळ खूप कमी लागतो. नाजूक तब्येतीच्या रुग्णात ही साधी वाट निवडणं शहाणपणाचं ठरतं. सर्जनशी या पर्यायाबद्दल स्पष्ट बोला.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतात. स्टेंट बसवलेल्या रुग्णात घरच्या घरी गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

ऑपरेशननंतर सर्वांत जास्त दगा देतो तो भ्रम. रात्री उठून नळ्या ओढणं, घरच्यांना न ओळखणं हे त्याचं एक रूप. दुसरं रूप गप्प असतं: माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो आणि सगळ्यांना वाटतं की थकलेत, झोपू द्या. दोन्ही रूपांमागे बहुतेकदा एखादं कारण असतं: तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, न शमलेलं दुखणं, ऑक्सिजन कमी पडणं, जंतुसंसर्ग, सोडियम घटणं. ते शोधायला लावा. झोपेची गोळी देऊन शांत केलं की भ्रम उलट वाढतो. चष्मा आणि कानाचं यंत्र पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा, समोर घड्याळ ठेवा, दिवसा खिडकी उघडी ठेवा, आणि ओळखीचं एक माणूस रात्री शेजारी बसू द्या. पहिल्या एक-दोन दिवसांतच खुर्चीत बसवणं आणि पावलं टाकायला लावणं, याने फुप्फुसंही वाचतात आणि पायही.

घशाला भोक पाडून श्वासाची नळी बसवली असेल तर आतली नळी दिवसातून दोन-तीनदा काढून धुवायची आणि हवा ओलसर ठेवायची, नाहीतर कफ सुकून बूच बसतो. स्वरयंत्र पूर्ण काढलं असेल तर श्वास फक्त गळ्यातल्या छिद्रातूनच चालतो. तातडीच्या वेळी ऑक्सिजन तोंडाला नाही, गळ्याला लावायचा. ही ओळ ठळक लिहून पलंगापाशी चिकटवा.

रिपोर्टात पुढे रेडिएशन लागेल असं आलं तर ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवं. जखम, दात, वजन सगळं या मुदतीत बसवायचं असतं, म्हणून टाके निघायची वाट न बघता रेडिएशनच्या डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा.

रेडिएशन

किरणांचा डोस 'ग्रे' या एककात मोजतात. पूर्ण बरं करण्यासाठीचा नेहमीचा डोस ६६ ते ७० ग्रे, ३३ ते ३५ बैठकांत. आठवड्याला पाच धरल्या तर साडेसहा ते सात आठवडे. ऑपरेशननंतर द्यायचा असेल तर बहुधा ६० ग्रे, ३० बैठकांत. कापलेल्या भागाच्या कडेला आजार राहिला असेल किंवा तो मानेतल्या लसीकाग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला असेल तर ६६ पर्यंत. स्वरयंत्राच्या अगदी सुरुवातीच्या कॅन्सरला ६३ ग्रे २८ बैठकांत पुरतात, आणि तो नुसत्या रेडिएशनने छान बरा होतो.

रोज सात आठवडे ये-जा झेपणार नसेल तर बैठका कमी करून प्रत्येक बैठकीचा डोस वाढवता येतो, उदाहरणार्थ ५५ ग्रे २० बैठकांत. बरं होणं आवाक्याबाहेर असेल आणि दुखणं, रक्तस्राव किंवा गिळण्याचा त्रास कमी करणं एवढाच हेतू असेल, तर आणखी सोप्या पद्धती आहेत: दोन दिवसांत रोज दोन वेळा ३.७ ग्रे, म्हणजे एकूण १४.८, आणि तीन-चार आठवड्यांनी गाठ बघून तेच परत, जास्तीत जास्त तीनदा. यात तोंड फारसं सोलवटत नाही. 'छोटा डोस म्हणजे हलगर्जी' हा समज सोडून द्या. नाजूक माणसासाठी तो जाणीवपूर्वक निवडलेला उपचार असतो.

सुरू करायच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाणं सक्तीचं समजा. हलणारे, किडलेले, मुळाशी पू असलेले दात आधीच काढायचे आणि हिरडी भरायला दोन आठवडे तरी द्यायचे. रेडिएशननंतर जबड्याचा रक्तपुरवठा घटतो. पुढे कधी दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडून कुजतं. हा धोका वर्षांनुवर्षं राहतो. उरलेल्या दातांना जास्त फ्लोराइडची पेस्ट किंवा जेल रोज, कायमचं.

चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा साचा करतात, त्यात डोकं अडकवून दहा-पंधरा मिनिटं हलायचं नसतं. बंद जागेची भीती वाटत असेल किंवा आडवं झोपल्यावर श्वास लागत असेल तर साचा करतानाच सांगा. वजन उतरल्यावर साचा सैल होतो. गालापाशी बोट आत जाऊ लागलं की तंत्रज्ञाला दाखवा, कारण आत मान हलली तर किरण गाठीऐवजी शेजारी पडतात आणि कधीकधी आखणी नव्याने करावी लागते.

सुट्टी नको. उपचार लांबलेल्या दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक-दीड टक्क्याने घटते, कारण मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी वेगाने वाढतात. यंत्र बिघडून किंवा आजारपणाने दिवस बुडालाच तर भरपाई कशी करणार ते विचारा. किमान सहा तासांच्या अंतराने एकाच दिवशी दोन बैठका देता येतात, किंवा सुट्टीच्या दिवशी एक.

केमो द्यायची का

रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दिल्याने फायदा होतो हे सिद्ध आहे, पण वयानुसार तो ओसरतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, ९३ चाचण्यांतले १७ हजारांहून अधिक रुग्ण एकत्र घेतलेल्या विश्लेषणात सत्तरीपुढे हा फायदा दिसेनासा झाला. त्या चाचण्यांत इतक्या वयाचे रुग्ण थोडेच होते, म्हणून सत्तर ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. ७२ वर्षांच्या खणखणीत माणसाला केमो देता येते. ६८ व्या वर्षी धाप लागणाऱ्याला ती देऊ नये.

सिस्प्लॅटिन टाळायची कारणं ठरलेली आहेत: किडनीचा आकडा ५० च्या खाली, आधीच कमी झालेलं ऐकू येणं, हातापायांना मुंग्या, हृदय कमजोर असणं, आणि दिवसातला बराच वेळ अंथरुणात जाणं. द्यायचंच ठरलं तर तीन आठवड्यांतून एकदा १०० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर (अंगाच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने) देण्यापेक्षा दर आठवड्याला ४० देणं ज्येष्ठांना सोसतं, शिवाय त्रास दिसला तर पुढचा डोस थांबवायची संधी मिळते. हे औषध चालू असताना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या बंद. दोन्ही मिळून किडनी बसवतात.

सिस्प्लॅटिन चालत नाही अशांसाठी आठवड्याला १५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर डोसेटॅक्सेल हा पर्याय २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांगला ठरला. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनच्या सुमारे ४२ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेलं. मात्र तोंड जास्त सोलवटतं, म्हणून मोडून आलेल्या तब्येतीला नुसतं रेडिएशनच बरं.

पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी औषधं) वयामुळे नाकारली जात नाही. गाठीवरची एक तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. ती चालू असताना नव्याने जुलाब, खोकला-धाप किंवा कमालीचा थकवा आला तर वाट न बघता कळवा.

अनेक ठिकाणी घरी घ्यायच्या गोळ्या देतात: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज. इथे एक चूक जीव घेते. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं जातं. चार-पाच दिवसांत तोंड भरून छाले येतात, ताप चढतो, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा, तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, ही गोळी इतर औषधांच्या डबीत ठेवूच नका, आणि एकाच माणसाने हाताने द्या. ती चालू असताना लघवीच्या संसर्गावर कुणी को-ट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर थांबा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. हे दोन एकत्र घातक आहेत.

तोंड, जेवण आणि वजन

उपचार बहुधा इथेच मोडतात, म्हणून सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं, पाचव्या-सहाव्यात सर्वांत वाईट असतं, आणि शेवटच्या बैठकीनंतरही एक-दोन आठवडे तसंच राहतं. 'संपलं, आता सुटलो' म्हणून औषधं बंद करू नका. पहिल्या दिवसापासून गुळण्या सुरू करा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक चहाचा चमचा मीठ, एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. जागेपणी दर दोन-तीन तासांनी, जेवणाआधी आणि नंतर. पाणी रोज नवं करा. अल्कोहोल असलेले बाजारी माउथवॉश नकोत. बेंझिडामिनच्या गुळण्यांनी दाह कमी होतो. बधिर करणारं लिग्नोकेन तोंडात फिरवून थुंकायचं; गिळलं तर घसा बधिर होऊन अन्न श्वासनलिकेत जातं, आणि म्हाताऱ्या माणसाला ते कळतही नाही. दह्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी, तिला वेगळं औषध लागतं. त्यासाठीचं फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवू शकतं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. कवळी रात्री काढून ठेवा, आणि छाले असतील तेव्हा लावूच नका.

दुखणं सहन करू देऊ नका, कारण दुखलं की गिळणं थांबतं. पॅरासिटामॉल पुरत नसेल तर मॉर्फिन लागतं. ज्येष्ठांत सुरुवात अडीच ते पाच मिलिग्रॅमने, दर चार ते सहा तासांनी, आणि पोट साफ व्हायचं औषध त्याच दिवसापासून. किडनी मंद असेल तर मॉर्फिन साचतं. जास्त गुंगी, हातापायांना झटके दिसले की डॉक्टरांना कळवा.

आता हिशेब. रोज किलोमागे सुमारे ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ५० किलोंच्या माणसाला १,५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन घ्या आणि लिहून ठेवा. एका आठवड्यात किलोभर घट म्हणजे त्याच आठवड्यात काहीतरी बदलायला हवं. गरजेच्या निम्म्याहून कमी खाणं आठवडाभर चाललं तर रुग्णालयात नाकातून नळी घालून घ्या. नळी म्हणजे हार असं अनेक घरांत मानतात आणि दोन-तीन मोलाचे आठवडे वाया घालवतात. तोंड बरं झालं की ती निघते. चार आठवड्यांपेक्षा जास्त लागेल असं दिसलं तर पोटातून घालायच्या नळीचा विचार होतो.

नळीतून भरवताना आधी नाकपुडीपाशी केलेली खूण जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल तर काहीही घालू नका. डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश उंच. ३० मिलिलिटर पाणी, मग २५० मिलिलिटर आहार वीस-तीस मिनिटांत सावकाश, मग पुन्हा ३० मिलिलिटर पाणी. नंतर तासभर आडवं करायचं नाही. दर मिलिलिटरला एक कॅलरी असलेल्या आहाराच्या अशा सहा वेळा म्हणजे १,५०० कॅलरी. नळी तुंबू नये म्हणून आहार पातळ करत नेण्याची सवय लागते, आणि मग पोट भरतं पण वजन उतरत राहतं. पातळ करू नका, मिक्सरमध्ये बारीक करून दोनदा गाळा.

गोळ्या एकेक वेगळी कुटून, मधे पाणी सोडून द्या. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कधीच कुटू नयेत. मॉर्फिनची अशी गोळी कुटली तर बारा तासांचा डोस एकदम अंगात जातो. नळी तुंबली तर ५० मिलिलिटरच्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू पुढे-मागे करा. छोट्या सिरिंजच्या दाबाने नळी फाटते, आणि तार तर घालूच नका. नळी बाहेर आली तर घरी परत सारू नका.

आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल तर एकदम पूर्ण आहार देणं धोक्याचं असतं. रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपकन खाली येऊन हृदयाची लय बिघडते. आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व), मग किलोमागे दहा कॅलरींपासून सुरुवात, आणि रोज रक्ततपासणी. हे रुग्णालयातच करा.

आणि हे फार वेळा निसटतं: खाणं निम्म्यावर आलं तरी मधुमेहाच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या जुन्याच डोसने चालू राहतात. मग साखर ४०-५० पर्यंत घसरते, उभं राहताच भोवळ येते, माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि रेडिएशन थांबतं. खाणं घटल्याचं लक्षात आलं त्याच दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी, लघवी वाढवणारी गोळी, ब्लडप्रेशरची गोळी यांचा डोस कमी करायचा का, हे नावं घेऊन विचारा.

गिळणं आणि जबडा

घशाचे स्नायू तीन-चार आठवडे वापरले नाहीत तर आखडतात, आणि वयामुळे ते परत येत नाहीत. नळी असली तरी थेरपिस्टने सुरक्षित ठरवलेला घोट रोज तोंडाने घ्यायचा. गिळण्याचे व्यायाम रेडिएशनच्या आधीच शिकून घ्या; तोंड आल्यावर शिकवता येत नाहीत. जेवताना ठसका लागत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक ज्येष्ठांत अन्न फुप्फुसात जातं तरी खोकला येत नाही. जेवणानंतर आवाज घोगरा, पाणी भरल्यासारखा येणं, संध्याकाळी बारीक ताप, छातीत घरघर ही त्याची खूण.

तोंड उघडणं दर आठवड्याला मोजा. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर ३५ मिलिमीटरच्या खाली गेलं तर जबडा आवळतोय. लाकडी पट्ट्यांची चळत दातांमध्ये धरून ताण द्यायचा, दिवसातून पाच वेळा, आणि झेपेल तशी एकेक पट्टी वाढवायची. उपचार संपल्यावरही हा व्यायाम अनेक महिने चालू ठेवा.

लगेच रुग्णालय गाठायचं ते कधी

केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप. ताप नसतानाही अचानक भ्रम किंवा अन्न-पाणी पूर्ण बंद, कारण म्हातारपणी जंतुसंसर्गात ताप चढेलच असं नाही. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं. तोंडातून किंवा मानेच्या जखमेतून ताजं लाल रक्त, थांबलं तरीही. मोठ्या रक्तस्रावाआधी असा छोटा इशारा येतो.

नंतरची वर्षं

रेडिएशनने आजार किती गेला हे बघायचा पेट स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. त्याआधी सूज आणि आजार यांतला फरक कळत नाही. पहिलं वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पुढे अंतर वाढत जातं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी करा. सुस्ती, थंडी वाजणं, विसरणं याला घरचे 'वय झालं' म्हणतात आणि थायरॉइड मंदावलेलं राहून जातं. ज्येष्ठांत थायरॉइडची गोळी १२.५ ते २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू होते, कारण एकदम मोठा डोस हृदयाला झेपत नाही.

आजार बरा होण्यासारखा नसेल तेव्हा

पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास शमवणाऱ्या उपचारांच्या तज्ज्ञांची भेट कॅन्सरवरचे उपचार थांबायच्या आधीपासूनच हवी, शेवटच्या आठवड्यात नव्हे. दुखणं नीट शमवलं की माणूस परत बोलतो, बसतो, थोडं खातो. जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची पूड किंवा जेल लावल्याने काही दिवसांत तो कमी होतो. वासामुळे नातवंडं जवळ येईनाशी होतात, म्हणून हे छोटं काम समजू नका. गिळता येत नसेल तर मॉर्फिन कोणत्या मार्गाने द्यायचं ते आधी विचारून औषध घरी आणून ठेवा.

गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला खेटलेली असेल तर डॉक्टर तसं सांगतात. मग गडद रंगाचे दोन-तीन जाड टॉवेल पलंगाशेजारी ठेवा, म्हणजे रक्त तितकं भेसूर दिसत नाही. गुंगी आणायचं औषध आणि ते देण्याची पद्धत पॅलिएटिव्ह टीमकडून शिकून घ्या. रक्त सुरू झालं तर टॉवेल दाबून धरायचा आणि रुग्णाला एकटं सोडायचं नाही. हात धरून कोण बसणार आणि फोन कोण करणार, हे घरात आजच ठरवून ठेवा.